राठोड मॅडमचं उधाण

आमच्या शाळेत एक शब्द जपून वापरावा लागे. कुणी मुलाने शिवी दिली तर हेडमास्तर समज देऊन सोडत, पण कुणी 'उधाण' हा शब्द उगाच वापरला की राठोड मॅडम खुर्चीतून उठत. त्या उठल्या की मग शिवी परवडली असं वाटे.

मी मराठीचा मास्तर. वार्षिक संमेलनाचा अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं, आणि 'विद्यार्थ्यांच्या उत्साहाला उधाण आले होते' हे वाक्य मी लिहीत नसे, ते आपोआप उमटे. मी रुजू झालो त्या वर्षीचा अहवाल मॅडमनी वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सर, त्या दिवशी अमावस्या होती का पुनव?" मी म्हटलं, आठवत नाही. "अष्टमी होती. अष्टमीले उधाण येत नाही, भांग असतो. उत्साह मरतुकडा होता म्हणून लिवा." स्टाफरूम हसली. मला राग आला होता. पण त्या संमेलनात माईक दोनदा बंद पडला होता आणि पाहुण्यांचं भाषण सुरू असताना अर्धी शाळा जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तेव्हा मरतुकडा हा शब्द काही चुकीचा नव्हता.

हा भांग म्हणजे प्यायची भांग नव्हे आणि केसांतलाही नव्हे, हे मला त्याच दिवशी कळलं. समुद्राला रोज भरती येते, पण ती रोज सारखी नसते. अमावस्या-पौर्णिमेला, किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाण्याला ओढ लावतात. तेव्हाची मोठी भरती ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात ओढतात, एकमेकांचा जोर खातात, आणि पाणी जेमतेम चढतं. ती भांगाची भरती. किनाऱ्यावरच्या पोराला हे शाळेत शिकवावं लागत नाही. आमची शाळा पडली यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी-जामणीकडे. समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, पण उधाण मात्र आमच्या दर लग्नात, दर प्रचारसभेत आणि चढलेल्या दर भावात. उधारीवर आणलेला शब्द आम्ही घरच्यासारखा वापरत होतो आणि त्याची विचारपूस करणाऱ्या एकट्या राठोड मॅडम होत्या.

एका पंधरा ऑगस्टला गावातले एक पुढारी झेंडावंदनाला आले. पोरांना पाहून माझ्या मनात देशभक्तीला उधाण आले आहे, असं ते तीन वेळा म्हणाले. आभार मानायला मॅडम उभ्या राहिल्या. साहेबांचे आभार मानले, खाऊचे मानले, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या की साहेबांना उधाण आलेलंच आहे, तर आठ दिवसांनी भांग लागेल. तेव्हा सातवीच्या वर्गाच्या गळक्या छताचं काम त्याच्या आत व्हावं. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. पण पुढारी दिलदार माणूस, खो खो हसला आणि चौथ्या दिवशी पत्रे आले. अर्ध्या छतावर ते बसलेही. उरलेल्या अर्ध्याच्या आड भांग आला असावा.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, चालायला अतिशय वेगवान. आवाज असा की व्हरांड्याच्या एका टोकाला त्यांनी 'पश्चिम घाट' म्हटलं की दुसऱ्या टोकाला माझ्या वर्गात व्याकरण थांबे. मुकुटबनच्या पुढच्या एका तांड्यातल्या त्या. वाडवडील लमाण, बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोणी लादून मुलूख पालथा घातलेली माणसं. आता कापूस आणि तूर. तांड्यातून बी.एड. झालेली ही पहिली मुलगी. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. बाकीचे दिवस मॅडम, सासूबाई, दोन म्हशी आणि भूगोल.

आणि एवढा सगळा समुद्र शिकवणाऱ्या या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. हे त्या लपवत नसत. जूनमध्ये नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगून टाकत की मी समुद्र पाहिला नाही, त्यामुळे मला निळाशार वगैरे विचारू नका, भरतीचं काय ते विचारा. आमची सहल दरवर्षी शेगाव नाहीतर चिखलदरा. मॅडम दरवर्षी सभेत 'कोकण' म्हणायच्या आणि सभा 'शेगाव' म्हणून उठायची. मी त्यांच्या जागी असतो तर चिडचिडा झालो असतो. त्या पुढच्या वर्षी पुन्हा तितक्याच ताज्या आवाजात 'कोकण' म्हणायच्या.

प्रत्येक शाळेच्या फळ्यावर आजचा सुविचार असतो, दिनांक असतो, पट असतो. मॅडमच्या वर्गात त्याखाली आणखी एक ओळ असायची, 'आजची भरती'. पोलीस भरतीची तयारी करणारे दोघे जण एकदा खिडकीतून ती ओळ वाचून आत आले होते. त्यांना मॅडमनी पहिल्या बाकावर बसवून तासभर समुद्र शिकवला. ही वेळ काढायची रीत त्यांना कोकणातून बदलून आलेल्या बँकेच्या एका कॅशियरने सांगितली होती. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला. अमावस्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ती बाराच्या आसपास धरायची. पाऊणकीचा पाढा मॅडमना बापाने लहानपणी पाठ करून घेतलेला. आता मोबाईलवर भरतीची वेळ मिळते. मी एकदा मिळवून दाखवली, तर वीस-पंचवीस मिनिटांचा फरक होता. त्या म्हणाल्या, मोबाईल बरोबर असंल सर, पण पोरांना बोटांवर करता आलं पाह्यजे. आणि पोरं करायची. आठवीतली पोरं पंचांग पाहून एका न पाहिलेल्या समुद्राची वेळ सांगायची.

भरतीचा धडा मैदानावर व्हायचा. मधोमध एक मुलगा, ती पृथ्वी. त्याच्याभोवती सहा मुली एक जुनी चादर ताणून धरत, ते पाणी. दोन मुलं चंद्र-सूर्य. दोघं एका रेषेत आले की मुलींनी चादर लांबट करायची, काटकोनात गेले की गोल. मी खिडकीतून पाहायचो. एका वर्षी एका मुलाने विचारलं की अमावस्येला तर चंद्रच नसतो, मग ओढतं कोण. हा प्रश्न मलाही होता, पण मी खिडकीत होतो. मॅडम म्हणाल्या, "तुया आजा घरात झोपला, दिसत नाही, म्हणून गावातून गेला का? चंद्र हाय तिथंच हाय. उलट त्या दिवशी सूर्यासोबत एकाच अंगाने जोर लावून राह्यला." त्या मुलाचा आजा कोण होता हे सगळ्या वर्गाला माहीत होतं आणि झोप ही त्याची ख्याती होती. त्या वर्षी अमावस्येचा प्रश्न कुणीही चुकवला नाही.

मग एका वर्षी हेडमास्तर बदलले. नवे हेडमास्तर सभेत म्हणाले, चला, कोकण. मॅडमना एवढ्या सहजासहजी होकाराची सवय नव्हती. त्यांनी आधी हेडमास्तरांना पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग पंचांग काढलं. मुलींची सहल डिसेंबरात जायची होती. पौर्णिमा परीक्षेत अडकत होती. उरली मार्गशीर्षातली अमावस्या. मधल्या कुठल्या दिवशी का जात नाही, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायला उठलो. इतकी वर्षं शिकवून पोरींना भांगाची भरती दाखवायची नव्हती त्यांना.

अडचण तांड्यात होती. सहलीतल्या बऱ्याच मुली तांड्यातल्या, आणि तांड्याचे नायक हरसिंग हे मॅडमचे सख्खे चुलते. सत्तरी ओलांडलेले, पांढरा फेटा, कमी बोलणारे. त्यांचा शब्द तांड्यात शेवटचा. मॅडमनी मला सोबत नेलं, मराठीचा मास्तर दोन शब्द बरे बोलेल म्हणून. मला एकही बोलायची वेळ आली नाही. नायकांचं म्हणणं साधं होतं. अमावस्येला बैलाच्या पाठीवर गोणी चढवत नाहीत, जुंपत नाहीत, आपल्या बापजाद्यांनी कधी चढवली नाही. आणि मावसेला वाढत्या वयाच्या पोरी पाण्याच्या काठाला नेत नाहीत, पाण्यातल्या आसरा धरतात. मॅडम म्हणाल्या, "काका, एसटीले बैल नाही लागत." नायक हसले नाहीत.

मग खरी गोष्ट बाहेर आली. तांड्यातल्या चार-पाच मुलींना दहावीनंतर यवतमाळच्या होस्टेलला ठेवून शिकवायचं, असं मॅडमनी दोन वर्षं लावून धरलं होतं. घरोघर बोलून झालं होतं. आया तयार होत्या, बाप नायकांकडे पाहत होते आणि नायक जमिनीकडे. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा मान वर करून बोलले.

"लीला, तू म्हणतं पोरी बाहेर राहू शकतात. ठीक हाय. ने मावसेले समुद्रावर. साऱ्या जशा नेल्या तशा वापस आणल्या, त होस्टेलचं मी सभेत मांडतो. एखादीले खरचटलं जरी, त त्यानंतर माया दारात होस्टेल म्हणून शब्द काढायचा नाही."

"चालते," मॅडम म्हणाल्या.

"आन् मी बी येतो."

परत येताना स्कूटीवर मागे बसून मी म्हणालो की हे फार महागात पडेल, तारीख बदला. कुणा पोरीचा पाय मुरगळला तर चार-पाच जणींचं शिक्षण त्या पायावर. त्या म्हणाल्या, सर, तारीख बदलली की काकांचंच खरं झालं, मग यवतमाळ बी दूर आणि समुद्र बी. मला त्यांची भीती वाटली आणि कौतुकही वाटलं. अशी जिद्द आमच्या यवतमाळच्या चार पिढ्यांच्या कारकुनी घरात मी कधी पाहिली नव्हती.

एसटीत नायक कंडक्टरच्या सीटवर, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. मॅडमचा हिशेब असा की अमावस्येला साडेअकरापर्यंत किनारा गाठायचा, बाराची भरती पाहायची, जेवायचं आणि मुक्कामाला परतायचं. पण घाटाच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला. दुसरा पट्टा यायला दुपार गेली. मुली झाडाखाली अंताक्षरी खेळल्या, मॅडम रस्त्याच्या कडेला उभ्या राहून घड्याळ पाहत राहिल्या. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

मुली धावत सुटल्या आणि थांबल्या. समोर समुद्र नव्हता. लांबच लांब करडा ओला चिखल होता, त्यात होड्या एका कुशीवर कलंडलेल्या, आणि फार दूर एक चमकती रेघ. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे त आटलं." उधाण म्हणजे भरलेलं, चढलेलं, उसळलेलं, एवढंच आम्ही सगळे जन्मभर म्हणत आलो होतो. फळ्यावर आम्ही रोज भरती लिहिली, ओहोटी एकदाही लिहिली नव्हती. उधाणाच्या दिवशी समुद्र जितका वर चढतो तितकाच मागेही सरतो, हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नायक काठी टेकत आले. त्यांनी तो चिखल पाहिला, पुतणीकडे पाहिलं. "याच्यासाठी मावस काढली?" एवढंच म्हणाले.

मॅडमचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पाहिला. थोडा वेळच. मग त्यांची बोटं हलायला लागली. बाराला भरती, तर सहाला तळ. सहानंतर पाणी फिरणार. त्यांनी मुलींना ओरडून सांगितलं, "उधाणाची ओहोटी आहे ही! एवढी मागं गेली म्हणजे पाणी कुठवर येईन ते आता पाहा." ड्रायव्हरला डेपोला गाडी लावायची घाई होती. त्याला मी चहा पाजला, भजी खाऊ घातली, पुन्हा चहा पाजला. भूगोल या विषयाला माझा एवढाच हातभार.

मॅडमनी वाळूवर काठीने रेघ ओढली आणि मुलींना तिच्या अलीकडे एका रांगेत बसवलं. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. सूर्य बुडाला. अमावस्येचा अंधार पडला, आमच्या शिवारात पडतो तसाच, डोळ्यांपुढे हात न दिसणारा. पाणी दिसेना, पण त्याचा आवाज जवळ यायला लागला. मुली एकमेकींना चिकटून बसल्या. माझ्या भज्यांना जागून म्हणा किंवा त्यालाही राहवलं नाही म्हणा, ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या टोकाशी आणून पुढचे दिवे लावले. त्या उजेडात पाणी आलं. चिखल गेला, होड्या सरळ झाल्या, एकेक लाट मागच्या लाटेपेक्षा हातभर पुढे. मॅडमनी रांग मागे घेतली, नवी रेघ ओढली. पुन्हा मागे घेतली. मुलींच्या तोंडून एक लांब आवाज निघायचा, प्रत्येक लाटेला, आणि मग हसू.

मी गाडीजवळ उभा होतो. मला आधी मुलींच्या पाठी दिसत होत्या, त्यांच्यापुढे मॅडम आणि त्यांच्यामागे तो सगळा काळा, पांढरा, खवळलेला समुद्र. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मॅडमचं तोंड आमच्याकडे आहे. समुद्र फिरल्यापासून त्या अशाच उभ्या होत्या. मुली आणि पाणी यांच्या मधोमध, पाण्याकडे पाठ करून. ओठ हलत होते. त्या मुली मोजत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि संपलं की पुन्हा. पाण्याने मागून येऊन त्यांच्या साडीचा घोळ भिजवला, घोटे बुडवले, तरी त्यांनी मान वळवली नाही. ज्या समुद्राची वेळ त्यांनी इतकी वर्षं रोज फळ्यावर लिहिली तो पाठीशी येऊन उभा होता, आणि त्या मुली मोजत होत्या. मी हाक मारायला पुढे निघालो.

माझ्या आधी नायक उठले. रेघ ओलांडून पाण्यात गेले, चपलांसकट. पुतणीच्या शेजारी उभे राहिले आणि मग त्यांनीच समुद्राकडे पाठ केली.

"पोरी मी पाह्यतो," ते म्हणाले. "तू वळ."

"काका, साऱ्या वापस नेईपर्यंत..."

"होस्टेलचं बी पाह्यतो. वळ आता, लीला."

त्यांनी काठी उचलली आणि रांगेच्या पहिल्या मुलीपासून, आपल्या बोलीत, मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मॅडम तरीही जरा वेळ तशाच राहिल्या. मग वळल्या.

त्यानंतर त्यांची बदली झाली, माझीही झाली, आम्ही एकमेकांना फोनवर दिवाळीच्या शुभेच्छा देतो. पण राठोड मॅडम म्हटलं की मला त्यांचा चेहरा आठवत नाही. गाडीच्या उजेडात त्यांची पाठ दिसते, पोटरीपर्यंत पाणी, आणि कमरेवर ठेवलेला एक हात. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या ते ठाऊक नाही. ड्रायव्हरनेही हॉर्न वाजवला नाही.